दुवा ठीक, संदेश नाही

आण्णा आपल्याशी शेवटचं जे बोलले ते 'बघू', असं त्रिशला मगदूम सात महिने धरून चालली होती. एका शब्दावर माणूस किती झुरू शकतो, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. शब्द एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे सुखरूप कसा पोचवायचा, याचे नियम लिहिणं हे तिचं काम. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती ते बारा वर्षं करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं तिचे साहेबही म्हणत.

आण्णा म्हणजे भरमाण्णा मगदूम, निवृत्त स्टेशन मास्तर. मिरजेच्या आजूबाजूच्या एकेरी मार्गावरची लहान लहान स्टेशनं त्यांनी सदतीस वर्षं सांभाळली. त्रिशला वाढली ती रेल्वेच्या पिवळ्या क्वार्टरात. दोन खोल्या, मागं पाण्याची टाकी, आणि दारात उभं राहिलं की समोर सगळा फलाट. त्या घरात तिच्या आईनं घालून दिलेला एक नियम होता. बाहेर पडणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हा नियम तसा सगळ्या मराठी घरांचा, पण रेल्वेवाल्याच्या बायकोला तो जरा जास्तच लागू. आणि 'येतो' ऐकल्यावर घरातल्यानं 'या' म्हणायचं, मगच पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायचं. आण्णा तर याबाबत ड्यूटीपेक्षा कडक. पोच आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असं म्हणायचे.

सहा वर्षांच्या त्रिशलाला यातली गंमत लवकर कळली. ती मुद्दाम 'या' म्हणायची नाही. आण्णा डब्याची पिशवी घेऊन दारात उभे.

"येतो."

ही गप्प.

"येतो बरं का, बाळ."

ही उशीत तोंड खुपसून खुसुखुसु हसतेय.

"अगं, पॅसेंजर येऊन उभी राहील आणि मास्तर घरात! येतो म्हटलं मी!"

तेव्हा कुठं ती 'या' म्हणायची. त्या दोन-तीन मिनिटांपुरता अख्ख्या स्टेशनचा मालक तिच्या ताब्यात असायचा. तिकडच्या पोरी बोलतात तसं तीही 'मी येतो, मी करतो' असंच बोलायची. पुढं शिकायला पुण्याला गेल्यावर मैत्रिणींनी हसून हसून तिला 'येते, करते' शिकवलं. तरी मिरजेला उतरली की तिची जीभ आपसूक जुन्या रुळावर यायची.

आई गेली, आण्णा निवृत्त झाले, मिरजेत लहानसं घर बांधलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना सदऱ्याची बटणं लागेनात. मग चमचा धरवेना, मग बोलणं जड झालं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा या आजारात एकेक करून मरत जातात आणि डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा आण्णांनी मान हलवली.

"म्हणजे मास्तर ठीक आहे," ते सावकाश म्हणाले, "सिग्नलच्या तारा तुटल्यात."

हे २०३६ सालचं. त्याच सुमाराला त्रिशलाच्या कंपनीचं 'दुवा' नावाचं यंत्र माणसांवर चाचणीला निघालं होतं. जिभेला आणि ओठांना हुकूम जिथून निघतात, मेंदूच्या त्या भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ पट्टी बसवायची. माणूस बोलू पाहतो तेव्हा तिथं जी हालचाल उठते ती पट्टी टिपते, तिचे शब्द करते आणि ते बिनतारी लहरींवर उशाशी ठेवलेल्या पेटीला पाठवते. पेटी ते मोठ्यानं बोलते. टिपण्याचं अवघड काम दुसऱ्यांचं. पट्टीपासून पेटीपर्यंतचा दीड हाताचा प्रवास तेवढा त्रिशलाकडे.

"दीड हातावर पाठवायला एवढी शिकलेली पोरगी लागती व्हय?" आण्णांनी विचारलं. तेव्हा त्यांना थोडं बोलता येत होतं.

"आण्णा, पेटीला काय मिळतं माहितेय? नुसते शून्य आणि एक, न थांबता. त्यात वाक्य कुठं सुरू झालं, कुठं संपलं, तिला कसं कळणार? म्हणून तुकडे करून पाठवायचं. एका तुकड्याला फ्रेम म्हणायचं. पुढं एक खूण, मग कुणी कुणाला पाठवलं ते, मग मजकूर, मग पडताळा, शेवटी परत खूण."

"पडताळा कसला?"

"मजकुरावरून एक आकडा काढायचा आणि मागं जोडून द्यायचा. घेणारा तोच आकडा स्वतः काढून बघतो. जुळला तर पोच देतो. नाही जुळला तर गप्प बसतो. पोच आली नाही की पाठवणारा ओळखतो, पोचलं नाही. तो तेच परत पाठवतो."

आण्णांचे डोळे लकाकले. "ही तर गाडी झाली की गं! पुढं इंजिन, मधे डबे, आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर फुली. ती फुली डोळ्यानं बघितल्याशिवाय मास्तर मागच्या स्टेशनला 'गाडी पूर्ण आली' म्हणून कळवत नाही. कोण सांगावं, निम्मे डबे वाटेत सुटून राहिले असतील."

"तीच आमची खूण."

"मग आमचंच चोरलंय म्हण की," आण्णा म्हणाले आणि तिथंच त्यांनी ऑपरेशनला होकार दिला.

एक अडचण मात्र रेल्वेत नसते ती इथं होती. माणूस मनातल्या मनात अखंड बडबडत असतो. ते सगळं पेटीनं बोलून दाखवलं असतं तर घरात कुणी राहिलं नसतं. म्हणून असं ठरलं होतं की रुग्णानं खुणेचा एक शब्द निवडायचा. तो मनात उच्चारला की दार उघडलं, पुन्हा उच्चारला की बंद. मधलं तेवढं बाहेर जायचं, बाकीचं ज्याचं त्याच्यापाशी. खुणेचा शब्द पेटी स्वतःपाशी ठेवून घ्यायची, मोठ्यानं म्हणायची नाही. मात्र तो शब्द डोक्यात इतका खोल कोरलेला हवा की दर वेळी अगदी तसाच उमटला पाहिजे.

ऑपरेशननंतर आठवडाभर शब्द तपासले. जैन घरातल्या रोजच्या मंत्रातला 'णमो' पुसट यायचा. ड्यूटीवरचा 'लाइन क्लिअर' बरा होता. 'त्रिशला' दर वेळी वेगळाच उमटायचा. ते बघून तिला उगीच लाजल्यासारखं झालं. आणि मग आण्णांनी 'येतो' म्हणून बघितलं. सदतीस वर्षं, घरातून निघताना रोज. पडद्यावरची रेघ दहाच्या दहा वेळा हुबेहूब तीच आली.

"सापडली फुली," त्रिशला म्हणाली.

पेटीला आवाज आण्णांचाच द्यायचा होता, पण जुनं ध्वनिमुद्रण म्हणून हाती लागला तो चुलत भावाच्या लग्नाचा व्हिडिओ. त्यात आण्णा बहुतेक वेळ आचाऱ्यावर ओरडत होते. त्यामुळे पेटी 'पाणी द्या' म्हणाली तरी 'जिलबी कुठाय' असा तोरा यायचा. दिवसभर त्यांची देखभाल करायला मार्था सिस्टर होत्या, मिरजेतल्याच एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवशी त्या दचकून दोन पावलं मागं सरल्या.

"मास्तर, मी काय केलं?"

"काही नाही," पेटी गरजली. "आभारी आहे."

आण्णांची एक मागणी होती. पोच यंत्रं आपापसात देतात ते त्यांना चालेना. आपलं बोलणं पोचलं हे आपल्याला ऐकू आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्रिशलानं पेटीत एक घंटा घातली, जुन्या स्टेशनात यंत्रावर वाजायची तसली. वाक्य पूर्ण पोचलं, पडताळा जुळला, की उशाशी टण्.

चौथ्या महिन्यात छातीच्या तपासणीसाठी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. स्ट्रेचर दारातून बाहेर काढताना आण्णांचे डोळे अस्वस्थपणे उशाशी बांधलेल्या पेटीकडे वळले. अँब्युलन्समध्ये बसल्यावर पेटी बोलली.

"घंटा वाजली नाही."

"काय म्हणालात तुम्ही?"

"निघताना म्हणायचं असतं ते."

त्रिशलाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिला हसू आलं. "ती खूण आहे आण्णा. खुणेपाठोपाठ खूण आली, मधे काहीच नाही, म्हणजे ती फ्रेम रिकामी. रिकामी फ्रेम टाकून द्यायची, असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग निघताना मी म्हणायचं काय?"

"आता तुम्हाला कुठं जायचंय?" ती बोलून गेली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

तिनं घाईघाईनं सावरून घेतलं. मजकुरातच खुणेसारखं काही आलं तर काय करायचं, हा प्रश्न तिच्या जन्माआधीचा होता आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं होतं. पाठवणाऱ्यानं ती खूण लागोपाठ दोनदा पाठवायची. घेणाऱ्याला जोडी दिसली की त्यानं समजायचं, ही खूण नव्हे, हा खरा शब्द आहे.

"तुम्ही पटकन दोनदा म्हणायचं, आण्णा. एकापाठोपाठ एक. दोनदा म्हटलं की पेटी ते एकदा मोठ्यानं म्हणेल आणि घंटा वाजवेल. पुढच्या आवृत्तीत घालतो मी हा नियम."

"दोनदा."

"होय."

"ध्यानात ठेवतो," आण्णा म्हणाले. टण्.

पुण्याला पोचल्यावर तिनं कामांच्या यादीत तशी नोंद केलीही. नोंदीपुढं महत्त्व लिहायचं असतं. तिथं तिनं लिहिलं, 'सवडीनं'. दुसऱ्या रुग्णांची पट्टी तापत होती, एकाची पेटी शेजारच्या टीव्हीशी भांडत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'येतो' म्हणता यावं, ही गोष्ट यादीत खाली खाली जात राहिली. आण्णाही त्यानंतर घरातून कुठं निघाले नाहीत, त्यामुळे आठवण करून देणारंही कुणी नव्हतं.

ते वर्ष चांगलं गेलं. इतकं चांगलं की त्रिशलाला त्याची सवय झाली. दर शनिवारी ती मिरजेला यायची. आण्णा रेल्वेवर टीका करायचे, मार्था सिस्टरांशी त्यांच्या डब्यातल्या मटणाच्या वासावरून भांडायचे, आणि बाप आपल्याशी जन्मात जेवढा बोलला नाही तेवढा एका वर्षात बोलला, असं ती सगळ्यांना सांगायची. रविवारी निघताना ती दारातून 'येतो' म्हणायची आणि पेटी तिला 'या' म्हणायची. नियम पाळला जात होता, फक्त बाजू बदलली होती.

चौदाव्या महिन्यात श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र लावायचं. तसं केलं तर माणूस अजून काही वर्षं काढील. नाही केलं तर दिवस मोजायचे.

"नळी नको," आण्णा म्हणाले.

त्या रविवारी दुपारी त्रिशला त्यांच्या पलंगाशी बसून होती. "आण्णा, नळी घातली तर अजून तीन-चार वर्षं मिळतील."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आपल्याला. मला."

"ड्यूटी संपली की मास्तरानं खुर्ची सोडावी, बाळ. बसून राहिलं की सगळ्यांची अडचण होती."

"माझी कसली अडचण? दोन वर्षं मी जिवाचं रान केलं. तुमचा आवाज परत आणला. आणि त्याच आवाजात तुम्ही मला नको म्हणताय?"

"माझं मी सांगावं म्हणूनच आणलास ना?"

टण्, घंटा वाजली. त्या घंटेचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. बाप बरोबर बोलतोय हे कळत होतं, आणि तो बरोबर बोलला तर तो राहणार नाही हेही कळत होतं. ती उठली. मंगळवारी पुण्यात सरकारी तपासणी होती, 'दुवा'ला मान्यता मिळायची की नाही ते तिच्यावर ठरणार होतं.

"बुधवारी परत येणार आहे मी. तोवर विचार बदला."

"बघू."

तिनं पिशवी खांद्याला लावली. दारात क्षणभर थांबली आणि न वळता म्हणाली, "जाते मी."

मार्था सिस्टर औषध मोजत होत्या, त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला. त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. शिवाय 'जाते', 'जातो'ही नव्हे. परक्या घरातल्या बाईसारखा. त्रिशलालाही तो कानाला लागला, पण रागात मागं फिरणं तिला जमलं नाही.

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरांचा फोन आला.

"ताई, मास्तरांचा श्वास बरोबर नाही. नळी नको असं त्यांनी लिहवून ठेवलंय, म्हणून डॉक्टर नुसते बसून आहेत. तुम्ही निघा."

ती तपासणी अर्धी टाकून निघाली. गाडी दुसरंच कुणी चालवत होतं. तिनं फोन कानाशी नाही, डोळ्यांसमोर धरला होता. सिस्टरांनी त्यांचा फोन पेटीशेजारी उभा केला होता आणि पेटीच्या पडद्यावरची ओळ तिला दिसत होती. दुवा ठीक. संदेश नाही.

"आण्णा, मी निघालोय. ऐकू येतंय ना? नळीचं राहू दे. तुम्ही म्हणाल तसं. फक्त एकदा बोला माझ्याशी."

दुवा ठीक. संदेश नाही.

"सिस्टर, पेटी चालू आहे ना?"

"हिरवा दिवा आहे, ताई."

"शुद्धीत आहेत?"

"डोळे उघडे आहेत. सारखे पेटीकडे बघतायत."

"आण्णा, रागावलाय का? मी चुकलो. मी तसं म्हणायला नको होतं." तिला हुंदका आवरेना. "काहीतरी बोला हो."

दुवा ठीक. संदेश नाही. ती ओळ तिनं स्वतः लिहिली होती. रुग्ण गप्प असला तर घरच्यांनी उगीच घाबरू नये म्हणून, यंत्र बिघडलेलं नाही, माणूसच बोलत नाहीये, हे त्यांना कळावं म्हणून.

गाडी साताऱ्याच्या अलीकडे असताना, चार वाजून बावन्न मिनिटांनी, आण्णा गेले.

लोकांनी समजूत घातली. शेवटी माणूस थकतो, भान राहत नाही, असं म्हणाले. पण या आजारात भान शेवटपर्यंत राहतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आयुष्यभर 'येतो' म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस एक शब्द न बोलता गेला होता. आपण 'जाते' म्हटलं आणि त्यांनी तेवढंही म्हटलं नाही, या हिशेबाशी ती सात महिने येऊन थांबायची. 'दुवा'ला मान्यता मिळाली. पेढे वाटले तेव्हा ती रजेवर होती.

चाचणीचा शेवटचा अहवाल लिहायचा तर प्रत्येक रुग्णाच्या अखेरच्या दिवसाची नोंद तपासावी लागते. बाकीच्या सगळ्या झाल्या, आण्णांची तिनं मागं ठेवली होती. एका सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत तिनं ती उघडली. खरं सांगायचं तर तिला दुवा तुटलेला सापडायला हवा होता. यंत्र नापास व्हावं, तिची बारा वर्षं पाण्यात जावीत, आणि आण्णा बोलत होते पण पोचलं नाही, एवढं सिद्ध व्हावं, अशी ती मनोमन प्रार्थना करत होती.

दुवा शंभर टक्के ठीक होता. पडताळे सगळे जुळलेले. तिनं पान खाली सरकवलं. टाकून दिलेल्या फ्रेम, त्रेचाळीस. कारण, रिकामी.

कुठल्याही दोन खुणांमधली मोकळी जागा पेटी एक फ्रेम धरते, तेव्हा त्रेचाळीस रिकाम्या फ्रेम म्हणजे चव्वेचाळीस खुणा. तिनं वेळा उघडल्या. तीन बारा चार. तीन बारा पाच. मग वीस सेकंद काही नाही. तीन बारा पंचवीस. तीन बारा सव्वीस. मग पुन्हा थांबा. तिनं पुन्हा वरून वाचलं, बोट लावून, पहिलीतल्या पोरीसारखं.

खुणा जोडीनं आल्या होत्या. दोन, आणि थांबा. दोन, आणि थांबा. त्या थांब्यात आण्णा घंटेची वाट बघत होते. तिनं सांगितलं होतं, पटकन दोनदा म्हणायचं, मग पेटी मोठ्यानं म्हणेल. त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. पोरगी नियम घालतो म्हणाली म्हणजे तिनं घातला असणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. घंटा वाजली नाही, म्हणून पोचलं नाही, म्हणून परत पाठवायचं. बावीस वेळा. ती 'फक्त एकदा बोला' म्हणाली, त्यानंतर चार सेकंदांनी एक जोडी होती. 'रागावलाय का' याच्यानंतर तिसऱ्याच सेकंदाला एक. पुढं पुढं थांबे लांबत गेले, एक मिनिट, चार मिनिटं, नऊ मिनिटं. शेवटची जोडी चार सत्तेचाळीसची. तिच्यातल्या दोन शब्दांमध्येही दीड सेकंदाचं अंतर पडलं होतं, तरी त्यांनी दुसरा म्हटलाच होता.

त्रिशलानं कामांची यादी उघडली. ती नोंद अजून तिथंच होती, सवडीनं. तिनं टेबलावर डोकं ठेवलं आणि ती रडली. सात महिने ती ज्यासाठी रडत होती ते हे नव्हतं. हे जास्त होतं.

नियम लिहायला वीस मिनिटं लागली. सगळ्या मिळून अकरा ओळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मिरजेला गेली. खोलीतला पलंग काढून टाकलेला होता. मार्था सिस्टर किल्ली द्यायला आल्या आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. तिनं पेटी जुन्या जागी ठेवली, तीत नवा नियम घातला, आणि त्या मंगळवारची नोंद लावली, बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी, खऱ्या वेगानं.

दोन मिनिटं काही नाही. मग पेटीतून लग्नघरातला तो दणदणीत आवाज आला.

"येतो."

टण्, घंटा वाजली.

सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. वीस सेकंदांनी पुन्हा, "येतो." टण्. मग पुन्हा. चौथ्या वेळेला सिस्टरांच्या ध्यानात आलं हे काय आहे ते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"ताई, या म्हणा की. माणसाला असं दारात उभं करून ठेवू नये."

"म्हणतो," त्रिशला म्हणाली.

पण म्हणाली नाही. पोच उशिरा पोचली तर पाठवणारा ती बघत नाही, तो तोवर निघून गेलेला असतो. हेही तिच्याच नियमांत लिहिलेलं होतं. 'या' ऐकायला पलीकडे कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. तरी जोवर ती म्हणत नव्हती तोवर आण्णा डब्याची पिशवी घेऊन दारात उभे होते. "येतो." टण्. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. सिस्टरांनी चहा केला, तो निवला. थांबे लांबत गेले. प्रत्येक थांब्यात ती श्वास धरून बसायची आणि आवाज आला की सोडायची. साडेचार झाले. एकवीस 'येतो' झाले.

चार सत्तेचाळीसला पेटी म्हणाली, "येतो."

आचाऱ्यावर ओरडल्यासारखी, उशीर झाल्यासारखी. टण्.

त्रिशला उठून दारापर्यंत गेली. उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "या, आण्णा."

आणि मग ती चार बावन्नपर्यंत तिथंच उभी राहिली. पडद्यावर तीच ओळ होती. दुवा ठीक. संदेश नाही.